नळ्या बांधल्या, तरी पाळीचे दुखणे का?



कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली की स्त्रीच्या आयुष्यातील एक प्रकरण मिटले, अशी आपल्या घराघरांतील समजूत असते. दोन-तीन मुले झाली, बाळंतपणातच किंवा पुढे एखाद्या शिबिरात नळ्या बांधून घेतल्या, आता त्या बाजूची चिंता उरली नाही, असे वडीलधारी माणसे म्हणतात आणि ती स्त्री स्वतःही म्हणते. आता मूल नको, एवढ्यापुरते ते बव्हंशी खरेच असते. परंतु पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनी त्याच स्त्रीच्या ओटीपोटात पाळीच्या सुमारास ठणका लागू लागतो, आणि तेव्हा घरात दोन उत्तरे तयार असतात. ‘ऑपरेशन झाले आहे, आता तिथे काय व्हायचे?’ हे एक. आणि ‘ऑपरेशन केले ना, मग असे व्हायचेच’ हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरोधी असली तरी दोहोंचा परिणाम एकच होतो. ती स्त्री डॉक्टरांकडे जात नाही.

ज्येष्ठ वाचकांनी हा विषय समजून घ्यावा असे वाटते, याचे कारण हेच. सुनेने किंवा लेकीने दुखणे प्रथम सांगितले, तर ते बहुधा सासूला किंवा आईलाच सांगितलेले असते. तिथे जे उत्तर मिळते, त्यावर पुढची काही वर्षे अवलंबून असतात.

आपल्या देशात या शस्त्रक्रियेचे प्रमाणही मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१), १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून अधिक, जवळजवळ निम्मे आहे. बहुतेकींची शस्त्रक्रिया पंचविशी-तिशीत होते. पाळी जाण्याचे वय पन्नाशीच्या आसपासचे धरले, तर बांधलेल्या नळ्यांसह पाळीची वीस-पंचवीस वर्षे जावयाची असतात. त्या काळात आतल्या भागाचे काय होते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात आणि बीजकोशांच्या जवळ जाऊन उघडतात. पदुआ येथील शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पिओ याने १५६१ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना फॅलोपियन नलिका हे नाव पडले. आपण त्यांना बीजवाहिनी किंवा गर्भनलिका म्हणतो. लांबी साधारण दहा ते बारा सेंटिमीटर, आणि मधला पोकळ मार्ग फार अरुंद. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेट याच नलिकेत होते.

टाक्याच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर लहानसा छेद घेऊन नलिकेचा मधला भाग उचलून बांधतात आणि त्याचा तुकडा कापून काढतात. बिनटाक्याच्या, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नलिकेच्या वळशावर सिलिकोनचे छोटे कडे चढवितात. रक्तपुरवठा तुटून तेवढा भाग सुकतो आणि दोन टोके एकमेकांपासून दूर होतात. पद्धत कोणतीही असो, प्रत्येक बाजूला नलिकेचे दोन तुकडे मागे राहतात. बाहेरचा तुकडा बीजकोशाजवळ असतो. आतला तुकडा गर्भाशयाला जोडलेलाच राहतो आणि त्याचे दुसरे टोक बंद झालेले असते. वैद्यकीय भाषेत या आतल्या तुकड्याला नलिकेचा बुंधा म्हणता येईल. आपला आजचा विषय या बुंध्याचाच आहे.

बुंध्याला फुटणारे धुमारे

गर्भाशयाच्या आतील अस्तर दर महिन्याला वाढते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने झडून बाहेर पडते. या अस्तरासारखीच पेशीजालिका गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशावर, नलिकेवर, पोटातील पातळ पडद्यावर किंवा आतड्याच्या बाजूला रुजली, तर त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बाहेर रुजलेले हे अस्तरही संप्रेरकांची आज्ञा पाळते. महिन्याच्या चक्रात ते फुगते, त्यातून रक्त झिरपते, आणि त्या रक्ताला वाट नसल्याने आजूबाजूचा भाग सुजतो, चिकटतो, दुखतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा विकार असतो.

या विकाराचा पाया ज्यांनी घातला, ते अमेरिकेतील ऑल्बनी येथील शल्यविशारद जॉन सॅम्पसन. १९२१ साली त्यांनी बीजकोशातील काळपट रक्ताने भरलेल्या, आज ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाठींचे सविस्तर वर्णन केले. पाळीचे थोडे रक्त उलट दिशेने नलिकांतून पोटात उतरते आणि त्यातील पेशी तिथे रुजतात, हा त्यांचा सिद्धांत १९२७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३० साली त्यांनी आणखी एक निरीक्षण मांडले. ज्या स्त्रियांच्या नलिका पूर्वी कापलेल्या किंवा काढलेल्या होत्या, त्यांच्या उरलेल्या बुंध्याच्या टोकाशी गर्भाशयाचे अस्तर वाढलेले आढळत होते.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी शेतातील उदाहरण पुरेसे आहे. झाड कापले तरी जमिनीतील मूळ जिवंत असेल तर खोडाच्या कापलेल्या कडेने धुमारे फुटतात. नलिकेची जखम भरून येताना गर्भाशयाच्या कोपऱ्यातील अस्तर पुढे सरकून बुंध्याचे टोक व्यापते आणि कधी कधी नलिकेच्या स्नायूंच्या भिंतीतही शिरते. शिवाय पाळीच्या वेळी जे थोडे रक्त पूर्वी नलिकेतून पोटात उतरून जिरत असे, ते आता बंद टोकापाशी अडते. त्या कोंडीत बुंधा ताणला जातो. काही स्त्रियांत हे वाढलेले अस्तर टोकातून बाहेर कोरत जाते आणि पोटाच्या पोकळीत उघडणारा सूक्ष्म मार्ग तयार होतो. या सूक्ष्म मार्गाचे महत्त्व पुढे येईलच.

भीतीला आवर आणि माहितीला वाट

इथवर वाचून ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. अन्य कारणासाठी काढलेल्या बांधलेल्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या असता असे अस्तर सापडते, पण त्यातील अनेक स्त्रियांना आयुष्यात कसलाही त्रास झालेला नसतो. अस्तर असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर पाळी बिघडतेच, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक नसबंदी झालेल्या स्त्रियांची तुलना, ज्यांच्या पतींनी नसबंदी करून घेतली होती अशा स्त्रियांशी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत रक्तस्राव किंवा पाळीतील वेदना वाढल्याचे त्यात दिसले नाही. उलट स्राव आणि वेदना कमी झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया अधिक होत्या, मात्र पाळीचे चक्र काहीसे अनियमित झाल्याचे काहींनी नोंदविले. नलिका बांधल्याने बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हेही सिद्ध झालेले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. गोळ्यांनी दबलेले पाळीचे दुखणे गोळ्या बंद होताच वर येते आणि दोष शस्त्रक्रियेवर जातो.

तेव्हा प्रत्येक कंबरदुखीचे खापर ‘ऑपरेशन’वर फोडू नये. परंतु ज्या थोड्या स्त्रियांना बुंध्यातील अस्तरामुळे खरोखर त्रास होतो, त्यांना ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असेही म्हणू नये.

दुखण्याची लय ओळखा

या विकाराची मोठी खूण म्हणजे त्याची महिन्याची लय. पाळीच्या एक-दोन दिवस आधी ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, दुखू लागते. पाळीत ते शिगेला पोहोचते आणि नंतर ओसरते. दुखणे कमरेत किंवा मांडीत उतरू शकते. शरीरसंबंधाच्या वेळी खोलवर वेदना होणे, पाळीच्या दिवसांत शौचास किंवा लघवीला होताना कळ येणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणे, हीदेखील लक्षणे आहेत. जुना विकार असल्यास ही लय पुसट होऊन दुखणे महिनाभर रेंगाळू शकते.

यासाठी घरातील भिंतीवरचे कॅलेंडर हे उत्तम साधन आहे. दूधवाल्याचा हिशेब ज्या चौकटीत लिहिला जातो, तिथेच पाळीच्या तारखेवर एक खूण आणि दुखण्याच्या दिवसावर दुसरी खूण करावी. दुखणे किती, हे शून्य ते दहा या मोजमापात लिहावे. तीन महिन्यांचे असे कागद डॉक्टरांसमोर ठेवले, तर पाच मिनिटांच्या भेटीत जे सांगता येत नाही ते त्यांना दिसते.

याच कुळातील आणखी दोन त्रास सांगणे आवश्यक आहे. पहिला व्रणावरील गाठीचा. सिझेरियनच्या किंवा टाक्याच्या शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ पोटाच्या भिंतीत एखादी गाठ पाळीच्या दिवसांत मोठी होते, दुखते आणि नंतर लहान होते. ही अनेकदा ‘टाका पाकला’ किंवा हर्निया समजून दुर्लक्षिली जाते. प्रत्यक्षात ती व्रणातील एंडोमेट्रिओसिस असू शकते. दुसरा त्रास अशा स्त्रियांचा, ज्यांच्या नळ्या बांधलेल्या आहेत आणि पुढे अतिरक्तस्रावासाठी ज्यांच्या गर्भाशयाचे अस्तर उष्णतेने जाळण्यात आले आहे. पाळी दिसत नाही, पण कोपऱ्यात उरलेल्या अस्तराचे रक्त बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने बांधलेल्या नळीत शिरते आणि महिन्याच्या महिन्याला एका किंवा दोन्ही बाजूंना तीव्र कळा येतात. १९९३ साली या प्रकाराचे प्रथम वर्णन झाले. पाळीच येत नसल्याने हे दुखणे पाळीशी जोडले जात नाही, म्हणून इथेही तारखा लिहून ठेवणे महत्त्वाचे.

एक धोका, ज्याला उशीर चालत नाही

वर ज्या सूक्ष्म मार्गाचा उल्लेख आला, त्यातून शुक्रजंतू पलीकडे जाऊ शकतात. फलित झालेले बीज गर्भाशयापर्यंत पोहोचू शकत नाही आणि नळीतच रुजते. याला अस्थानी गर्भधारणा म्हणतात. नसबंदी अयशस्वी होण्याचे प्रमाण अल्प आहे. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात दहा वर्षांत हजारी सुमारे १८ ते १९ गर्भधारणा आढळल्या. परंतु त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश अस्थानी होत्या, हे ध्यानात ठेवावे. याला बुंध्यातील अस्तर हे एकच कारण नाही, पण ते एक कारण निश्चित आहे.

म्हणून नियम सोपा ठेवावा. नळ्या बांधलेल्या स्त्रीची पाळी चुकली, अथवा नेहमीपेक्षा वेगळा, थोडाथोडा रक्तस्राव होऊ लागला आणि सोबत ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, तर त्याच दिवशी लघवीची गर्भचाचणी करावी आणि चाचणी काहीही आली तरी डॉक्टरांना दाखवावे. ‘या वयात आणि ऑपरेशननंतर कुठली गर्भधारणा’ या संकोचात वेळ घालवू नये. अचानक तीव्र कळ, भोवळ, घाम, चेहरा पांढरा पडणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे ही नळी फुटून पोटात रक्तस्राव होत असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी पोट शेकणे, ओवा देणे, सकाळची वाट पाहणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा आणि रुग्णालय गाठावे.

तपासणी आणि उपचार

डॉक्टरांकडे जाताना शस्त्रक्रिया कोणत्या साली, टाक्याची की बिनटाक्याची आणि सिझेरियनबरोबर की स्वतंत्रपणे झाली, हे सांगावे. नसबंदीचे प्रमाणपत्र मिळाले असल्यास ते सोबत न्यावे. अनेक घरांत ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपलेले असते, पण डॉक्टरांसमोर कधीच येत नाही.

सोनोग्राफीत बीजकोशातील गाठी किंवा रक्ताने फुगलेली नळी दिसते, मात्र बुंध्याच्या टोकाशी असलेले लहानसे अस्तर दिसेलच असे नाही. अहवालात ‘सर्व ठीक’ लिहिले आहे, म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. गरजेनुसार एमआरआय आणि काही वेळा दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहणी केली जाते. काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनंतर निदान पक्के होते.

उपचारांची पायरी वय, त्रास आणि अन्य आजार पाहून ठरते. सुरुवातीला वेदनाशामके दिली जातात. मूत्रपिंडाचा, जठरव्रणाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळ्या किंवा हे संप्रेरक सोडणारी, गर्भाशयात बसविली जाणारी तांबीसारखी साधने यांनी अस्तराची वाढ रोखता येते. औषधांनी आराम न पडल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने नळीचा बुंधा आणि रुजलेले अस्तर काढून टाकता येते. व्रणातील गाठीवर पूर्णपणे कापून काढणे हाच बहुधा कायमचा उपाय असतो.

इथे एका सल्ल्याविषयी सावध केले पाहिजे. ‘मुले झाली आहेत, पिशवी काढून टाका’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपल्या स्मरणात असेल. काही स्त्रियांना गर्भाशय काढणे खरोखरच आवश्यक असते. परंतु बाहेर रुजलेले अस्तर तसेच राहिले, तर पिशवी काढूनही दुखणे उरू शकते. आणि तिच्याबरोबर बीजकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती अकाली येऊन हाडांच्या व हृदयाच्या तक्रारींचा धोका वाढतो. म्हणून निर्णयापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. दुखण्याचे निदान काय आहे? नळीचा बुंधा काढून भागेल का? बीजकोश ठेवता येतील का? आणि तातडीची स्थिती नसेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. असे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही.

पाळी गेलेल्या भगिनींसाठी

पाळी थांबल्यावर संप्रेरके घटतात आणि हा विकार सहसा शांत होतो. तथापि थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्या किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी ओटीपोटात नव्याने दुखू लागल्यास डॉक्टरांना पूर्वीचा इतिहास सांगावा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंबही रक्त दिसले, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. त्याची तपासणी झालीच पाहिजे, कारण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली सूचना असू शकते आणि वेळीच कळल्यास उपचार चांगले होतात.

घरातल्यांचे काम

ज्येष्ठ भगिनींनो, आपल्या पिढीने पाळीचे दुखणे पदराआड सोसले. विहिरीचे पाणी, जात्यावरचे दळण, शेतातली खुरपणी यांतून त्याला सवड नव्हती. ‘आम्ही नाही का सोसले?’ हा प्रश्न म्हणूनच ओठावर येतो. पण आपण सोसले, याचा अर्थ ते दुखणे नव्हते असा होत नाही. कोणी विचारले नाही, एवढाच होतो. आज सुनेला आपण विचारू शकता: ‘कोणत्या बाजूला दुखते? पाळीच्या आधी की नंतर? किती महिने झाले?’ डॉक्टर विचारतील तेच हे प्रश्न आहेत. सासूने ते विचारले की सुनेला पुढे बोलणे सोपे जाते.

कुटुंबातील पुरुषांनीही हा विषय केवळ बायकांचा म्हणून बाजूला ठेवू नये. शस्त्रक्रिया तिने करून घेतली, ती दोघांच्या निर्णयाने. तेव्हा तारखा लक्षात ठेवणे, दवाखान्यात सोबत जाणे, त्या दोन दिवसांत पाण्याचा हंडा आणि गॅसची टाकी आपण उचलणे, हीदेखील त्या निर्णयातील उरलेली वाटणी आहे.

या पंधरवड्यात एवढेच करावे. घरातील ज्या स्त्रीची नसबंदी झाली आहे, तिच्याजवळ निवांत बसून पाळीच्या दिवसांत काही त्रास होतो का, ते विचारावे. ‘नाही’ असे उत्तर आले तर उत्तमच. ‘होतो, पण चालायचेच’ असे उत्तर आले, तर कॅलेंडरवर पहिली खूण त्याच दिवशी करावी.